टेंभुर्णीला बंदर नको, गोदाम हवं

टेंभुर्णीच्या भवितव्याचा विषय निघाला की एक मांडणी हमखास पुढे येते. मोठी शहरं नदीकाठी आणि वाटांच्या नाक्यावर वाढली, आणि टेंभुर्णीला या दोन्ही गोष्टी लाभल्या आहेत. एका अंगाला भीमा आणि उजनीचा जलाशय आहे. दुसऱ्या अंगाला पुणे-सोलापूर महामार्ग आहे, आणि त्याला अकलूज, पंढरपूर, कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या दिशांनी रस्ते येऊन मिळतात. तेव्हा जलाशयात बोटी आणा, काठाला धक्के बांधा, रस्ते आणखी रुंद करा. वाहतूक वाढली की पैसा येईल, आणि टेंभुर्णी हे सोलापूर जिल्ह्याचं बंदर होईल.

ही मांडणी करणारे लोक गावाचं वाईट चिंतणारे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मांडणी चुकीची आहे. सरकारचा पैसा, पुढाऱ्यांचा वेळ आणि तरुणांची कर्जं या मांडणीमागे धावतात. म्हणून तिचं नीट खंडन व्हायला हवं.

आधी नदीचं पाहू. भीमाशंकराला उगम पावून कृष्णेला मिळेपर्यंत भीमा सुमारे ८६१ किलोमीटर वाहते, पण ती बोटींची नदी कधीच नव्हती. पावसाळ्यात पंढरपूरच्या घाटांवर चढणारी आणि उन्हाळ्यात वाळवंट उघडं टाकणारी ही दख्खनी नदी आहे. इथला माल पूर्वापार लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गेला, होडीतून नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यावर तर खालची नदी निसर्गाच्या हातातही उरली नाही. पाणी सोडायचं की नाही, किती आणि कुणासाठी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. शेतीचं आवर्तन, सोलापूरच्या पिण्याचं पाणी, वारीसाठी चंद्रभागेत सोडायचं पाणी या सगळ्यांत आधीच ओढाताण आहे. धरणाखाली जागोजाग कोल्हापुरी बंधारे आहेत. बोटीला वर्षभर ठरावीक खोलीचं पाणी लागतं, आणि वाटेत अडथळा चालत नाही. नदी त्या खोलीपर्यंत भरून ठेवायची तर ते पाणी कुणाच्या तरी उसाचं नाहीतर कुणाच्या तरी घागरीतलं असेल.

२०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याचा दाखला इथे दिला जातो. त्या कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांची यादी केली आणि तीत भीमेचं नाव आहे, हे खरं आहे. पण तो पट्टा कर्नाटक-तेलंगणातला, कृष्णेच्या संगमाकडचा आहे. टेंभुर्णी ज्या माढा तालुक्यात आहे त्याचा या पट्ट्याशी संबंध नाही. आणि यादीत नाव आलं म्हणून नदीत पाणी येत नाही.

मग जलाशयाचं काय? उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी आहे, पण त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलंही निम्म्याच्या जवळपास पाणी उपसलं गेलं. अशा वर्षी पाणी काठापासून लांब सरकतं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. तिथे बांधलेला धक्का पावसाळ्यात पाण्यात असेल आणि वैशाखात शेतात.

या जलाशयात वाहतूक मात्र आहे, आणि तिच्याबद्दल बंदरवाले कधी बोलत नाहीत. धरणाने करमाळा आणि इंदापूर हे शेजारी तालुके एकमेकांपासून तोडले. पाण्यापलीकडे दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. पूर्वीच्या रेल्वेमार्गावरचा डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीला वापरात आला आणि थकेपर्यंत वापरला गेला. बाकी लोक लाँचीतून आणि होडीतून येजा करत राहिले. २१ मे २०२४च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलं होती. धरणासाठी ज्या भागाने गावं दिली, त्या भागाला आजही पाणी ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. उजनीत बोटींसाठी पैसा खर्च करायचाच असेल तर तो आधी इथे करा. प्रत्येक फेरीला जीवरक्षक जाकीट, बोटीची दरवर्षी तपासणी, वाऱ्याचा इशारा मिळताच फेरी बंद, आणि शिरसोडी-कुगाव पूल लवकर पुरा. पर्यटनाच्या क्रूझची चित्रं नंतर काढू.

आता मूळ मुद्दा. नदीकाठची शहरं वाहतुकीमुळे मोठी झाली, हे विधान अर्धंच आहे. त्यांना मोठं केलं ते थांबण्याने. माल जिथे एका वाहनातून दुसऱ्यात जातो, उतरतो, मोजला जातो, साठतो, विकला जातो आणि पुन्हा भरला जातो, तिथे हमाल, तोलार, अडत्या, हुंडेकरी, सावकार, सुतार, लोहार यांना काम मिळतं. नुसत्या जाणाऱ्या वाहनाने धूळ उडते.

आपल्याकडे याचे पुरावे कोकणात आहेत. राजापूर, महाड, चिपळूण ही समुद्रापासून आत, खाडी-नदीच्या टोकाशी असलेली गावं. देशावरचा माल बैलांवरून घाट उतरे, कुंभार्लीतून चिपळूणला येई आणि गोवळकोटच्या धक्क्यावर गलबतात भरला जाई. राजापुरात तर सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. बैलाचा प्रवास संपायचा आणि गलबताचा सुरू व्हायचा त्या सांध्यावर ही गावं जगली. पुढे दोन गोष्टी झाल्या. खाड्या गाळाने भरल्या आणि मोठी गलबतं राजापूरपर्यंत येईनाशी झाली. आणि १८६३ला बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. देशावरचा कापूस आणि गळित धान्य डब्यात बसून थेट मुंबईला जाऊ लागलं. नदी होती तिथेच होती, माणसंही तीच होती. थांबा उठला आणि व्यापार गेला.

ती रेल्वे आपल्याच जिल्ह्यातून धावत होती. पुण्याहून १८५८ला डिकसळ, १८५९ला बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी, १८६०ला सोलापूर. बार्शी ही जिल्ह्यातली मोठी पेठ होती, आणि ती मुख्य मार्गापासून वीसेक मैल बाजूला राहिली. टेंभुर्णीही राहिली. यावर बार्शीची पेठ रडत बसली नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ला बार्शी आणि बार्शी रोडदरम्यान अडीच फुटी रुळांवर धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ला मिरजेपर्यंत गेली. ही रेल्वे चालली कशावर? बार्शीच्या आणि पुढे लातूरच्या पेठेतल्या मालावर, आणि पंढरीच्या वारकऱ्यांवर. पेठ आधी होती, रूळ तिच्याकडे आले. आमचे बंदरवादी मित्र हा क्रम उलटा लावतात.

कुर्डुवाडीची गोष्ट तर टेंभुर्णीच्या माणसाने पाठ करावी अशी आहे, कारण ती जेमतेम वीस किलोमीटरवर घडली. मोठ्या रुळांवरचा डबा लहान रुळांवर जात नाही. त्यामुळे कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे. प्रवाशालाही गाडी बदलावी लागे. या गैरसोयीवर गाव उभं राहिलं, त्याला कारखान्याची, म्हणजे रेल्वे वर्कशॉपची जोड मिळाली. या शतकाच्या पहिल्या दशकात मिरज-लातूर मार्गाचं रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झालं. ते व्हायलाच हवं होतं, त्याने प्रवाशाचा आणि मालाचा खर्च वाचला. पण गाडी बदलण्याची सक्ती गेली तेव्हा सक्तीवर उभा असलेला धंदाही गेला. देशाच्या हिशेबात जी बचत असते, ती नाक्यावरच्या गावाच्या हिशेबात अनेकदा तूट असते. हे कटू आहे, पण यावर बोलल्याशिवाय टेंभुर्णीचं नियोजन करणं ही फसवणूक ठरेल.

बाहेरच्या जगाकडे बोट दाखवलं जातं म्हणून तिकडचंही एक उदाहरण. अमेरिकेत ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथे कैरो नावाचं गाव आहे. दोन महानद्यांचा संगम, मध्यभागाची जागा. ते खंडातलं अग्रगण्य शहर होणार असं एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्यांना वाटत होतं. १८८९ला रेल्वेने ओहायोवर पूल बांधला आणि गाड्या नदी ओलांडण्यासाठी कैरोत थांबेनाशा झाल्या. १९२०च्या सुमारास तिथे पंधरा हजारांवर लोक होते, २०२०च्या जनगणनेत दोन हजारही भरले नाहीत. वंशद्वेषाच्या हिंसेचाही त्यात मोठा वाटा आहे, सगळा दोष पुलाचा नाही. त्याच ओहायोवर वरच्या अंगाला लुइव्हिल आहे. तिथे नदीत खडकाळ उतार असल्याने बोटी रिकाम्या करून माल गाड्यांवरून पुढे न्यावा लागे. १८३०ला कालवा झाला आणि ती सक्ती गेली. पण लुइव्हिलने तोवर तंबाखूची गोदामं, मद्याचे कारखाने, कारागीर आणि पेढ्या उभ्या केल्या होत्या. ते शहर टिकलं. कैरोकडे जागा होती, लुइव्हिलकडे माल होता.

आणि माल असला तरी तो एकच असेल तर? त्याचं उत्तर गोव्यात आहे. भारतातली नदी-वाहतुकीवर जगणारी अर्थव्यवस्था पाहायची तर मांडवी-झुवारीवर पाहावी. खाणीतलं लोहखनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जने मुरगावला, तिथून जहाजात. ट्रकमालक, बार्जमालक, खलाशी, गॅरेजवाले, काठावरची हॉटेलं, सगळ्यांची चूल त्या एका लाल मातीवर पेटत होती. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२मध्ये बेकायदा खाणकामाच्या प्रश्नावर आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मधे मर्यादित उत्खनन सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. खाणींनी गोव्याच्या शेतीची आणि पाण्याची जी नासाडी केली ती पाहता थांबवणं आवश्यकच होतं. पण नद्या भरलेल्या असताना, धक्के शाबूत असताना, बार्ज जागेवर गंजले.

टेंभुर्णीचं लाल खनिज म्हणजे ऊस. मोळी पडली की पट्टा पडेपर्यंतचे चार-पाच महिने इथला प्रत्येक रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि टायरगाड्यांनी भरतो. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, त्यातला पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे कारखाना तर उशालाच आहे. त्या दिवसांत पंप, टायरची दुकानं, वजनकाटे, वेल्डिंगवाले रात्रभर जागे असतात. हे पाहूनच लोक म्हणतात, वाहतूक म्हणजे पैसा. पण हा पैसा कुणाचा? एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा रास्त भाव, ही कारखान्याच्या दारातली किंमत असते. त्यामुळे तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. बहुतेक ठिकाणी तो सरासरीने कापतात, म्हणजे लांबून आणलेल्या उसाचं भाडं कारखान्याशेजारचा शेतकरीही भरतो. वाहतूक म्हणजे ट्रॉलीमालकाची कमाई, हे दिसतं. तीच रक्कम शेतकऱ्याची वजावट आहे, हे दिसत नाही. ऊस जितका लांबून येईल तितकी वाहतूक वाढेल आणि तितका शेतकरी गरीब होईल. अशी वाढ मला नको आहे. अंतराच्या टप्प्यांप्रमाणे कपात करा, ही शेतकऱ्यांची मागणी न्यायाची आहे.

ट्रॉलीमालक तरी सुखी आहे का? तो कर्ज काढून ट्रॅक्टर घेतो आणि ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला लाखोंची उचल देतो. टोळी आली नाही तर उचल बुडते आणि हप्ता चालू राहतो. अशा फसवणुकीच्या तक्रारी जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत दर हंगामाला जातात. आणि टोळी आली तर तिच्यातल्या जोडप्याचं वर्ष त्या उचलीत गहाण पडलेलं असतं. साखळीतल्या कुठल्याच कडीला पक्का आधार नाही, आणि या साखळीला आपण गावाचा कणा म्हणतो आहोत.

महामार्गावरच्या ट्रकचा हिशेब याहून कठीण आहे. भाडं ठरतं ते पुणे, मुंबई, हैदराबादच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात. डिझेलचा पैसा तेल कंपनीला आणि कराच्या रूपाने सरकारला जातो, वरवड्याच्या नाक्यावरचा टोल महामार्गाच्या खात्यात जातो. जुन्या बंदराला आल्या-गेल्या मालावर जकात मिळे. टेंभुर्णीच्या गटारीला, शाळेला, दवाखान्याला या हजारो गाड्यांतून काय मिळतं? चहा-जेवणाचे पैसे आणि पंक्चरची मजुरी. ती मजुरी कष्टाची आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण तिच्यावर शहर उभं राहत नाही, कारण रस्ता सुधारला की थांबाही कमी होतो. चौपदरीकरणाने ते दाखवलंच आहे. पूर्वी गावातून रखडत जाणारी गाडी आता थेट निघून जाते.

रस्ते जागाही बदलतात. इंदापूर-अकलूज मार्गे पालखी महामार्ग झाल्यावर पुण्याहून पंढरीला जाणाऱ्याला टेंभुर्णीवाचून पर्याय मिळाला. सुरत-चेन्नई द्रुतगती मार्गाची आखणी बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांतून झाली, टेंभुर्णीवरून नाही. १८५९ला रेल्वे बाजूने गेली तशी उद्या दक्षिणेकडची अवजड वाहतूकही बाजूने जाऊ शकते. नाक्याच्या जागेचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो.

यावर विचारलं जाईल की मग करायचं काय, तरुणांनी गाड्या विकायच्या? नाही. गाड्या राहू द्या, पण त्या इथला माल भरून निघाल्या पाहिजेत. आणि हे कसं होतं ते दाखवायला लुइव्हिलपर्यंत जायची गरज नाही, करमाळा तालुक्यातल्या कंदरला जा. उजनीकाठच्या केळीने गेल्या काही वर्षांत जे करून दाखवलं ते कुठल्याही बंदराच्या घोषणेपेक्षा मोलाचं आहे. घड कापायचा, फण्या वेगळ्या करायच्या, धुवायच्या, निवडायच्या, तेरा किलोच्या खोक्यात भरायच्या, शीतगृहात थंड करायच्या आणि वातानुकूलित कंटेनरमधून न्हावा-शेवाला रवाना करायच्या. तिथून आखाती देशांत. कंदर-टेंभुर्णी पट्ट्यात ही शीतगृहं आणि पॅकिंगची केंद्रं उभी राहिली. एका कंटेनरमागे कापणारे, वाहणारे, धुणाऱ्या आणि भरणाऱ्या बाया, वीजतंत्री, खोकी पुरवणारे, कागदपत्रं करणारे असे कितीतरी हात लागतात. कंटेनर तासन् तास थांबतो, आणि त्या थांबण्यात गावाची कमाई आहे. महामार्ग उद्या दहा किलोमीटर सरकला तरी कंटेनर वाकडी वाट करून इथे येईल, कारण माल इथे आहे.

केळीलाही धोके आहेत, हे मान्य. आखातातलं एक युद्ध, एक रोग, उजनीचं एक उणं वर्ष, आणि भाव कोसळतो. म्हणूनच एका पिकाची शीतगृहं पुरणार नाहीत. डाळिंब, द्राक्ष, मका, तूर आणि करमाळ्याच्या बाजाराला ज्याच्यामुळे नाव मिळालं तो उडीद, या सगळ्यांना साठवणुकीची जागा हवी. धान्य गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज काढण्याची सोय २००७च्या कायद्यात आहे, आणि राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना त्याहूनही जुनी आहे. सुगीत पडेल भावाने विकावं लागू नये म्हणून शेतकऱ्याच्या हातात हे हत्यार आहे, पण जवळ गोदाम नसेल तर ते कागदावर राहतं. टेंभुर्णीच्या औद्योगिक वसाहतीत अशा गोदामांना आणि प्रक्रिया उद्योगांना आधी जागा द्या. कुर्डुवाडीच्या रेल्वे जंक्शनला माल चढवण्याची नीट सोय करा आणि दोन्ही गावं एकच केंद्र धरून आखा. माल जिथे भरला-उतरवला जातो तिथे १९६९चा माथाडी कायदा लागू करा, म्हणजे हमालाला भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना मिळेल. चालकांसाठी झोपायला खोली, अंघोळीला पाणी आणि उजेडातलं वाहनतळ असलेला तळ उभारा. रस्त्याच्या कडेला अंधारात उभ्या केलेल्या ट्रकवर आणि बिनदिव्यांच्या ट्रॉलीवर मागून आदळून या महामार्गावर माणसं मरतात, दर गळीत हंगामात मरतात. एका उड्डाणपुलाच्या पैशात असे किती तळ होतील याचा हिशेब जिल्हा नियोजन समितीने मांडावा आणि लोकांपुढे ठेवावा.

शेवटचा आक्षेप असा येतो की गोदामाला गर्दी जमत नाही, धक्क्याच्या उद्घाटनाला जमते, आणि राजकारणात गर्दी लागते. त्याला माझं उत्तर बार्शीचं आहे. तिथल्या पेठेने आपल्या मालाच्या बळावर रूळ ओढून आणले आणि ते पुढे शंभरावर वर्षं चालले. टेंभुर्णीजवळ आज ऊस आहे, केळी आहे, तीन तालुक्यांचं धान्य आहे, आणि गाडी चालवणारी, दुरुस्त करणारी, भाडं जमवणारी जाणती पोरं आहेत. पुढच्या अर्थसंकल्पात टेंभुर्णीसाठी मागायच्या कामांची यादी होईल तेव्हा पहिल्या ओळीत गोदाम आणि शीतगृह लिहा, दुसऱ्या ओळीत चालकांचा तळ, तिसऱ्या ओळीत कुगावचा पूल. धक्क्याची ओळ काढून टाका.